घासलेली टाकी

टाकी लख्ख घासायची कल्पना प्रयोगशाळेच्या संचालकांची. खरेदी समिती येणार, तिच्या डोळ्यांदेखत द्रावण करून दाखवायचं, तर भांडं आरशासारखं नको? ताईंनीही मान डोलावली. सोनं विरघळवणाऱ्या अम्लाने काचेच्या आतली जुनी गुलाबी पुटं निघाली आणि सगळ्यांना बरं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या प्रयोगशाळेत ताई सोन्याचे नॅनोकण बनवत. केसाच्या जाडीत हजारभर सहज ओळीने बसतील, इतके बारीक. रोगनिदानाच्या पट्टीवर जी लाल रेघ उमटते ती याच कणांची. कण नेमक्या आकाराचे असले तर द्रावण माणकासारखं लाल. मोठे, वेडेवाकडे झाले की जांभळं, आणि रेघ फिकट. देशातल्या पट्ट्या आजवर परदेशी द्रावणावर चालत. मागच्या साथीत पुरवठादाराने आधी आपलं घर बघितलं आणि इथले दवाखाने पट्ट्यांवाचून बसले. दुसऱ्याच्या ओंजळीने किती दिवस पाणी प्यायचं, म्हणून सरकारने ताईंना ही टाकी उभारून दिली. आज द्रावण कसोटीला उतरलं तर मागणी त्यांना. नाही तर परदेशी कंपनीशी लांबचा करार, आणि ताईंनी घडवलेली माणसं चार दिशांना.

द्रावण जांभळं झालं.

समितीत आरोग्य खात्याच्या डॉक्टरबाई होत्या आणि पट्ट्यांच्या कारखान्याचा मालक, म्हणजे ताईंचा सख्खा धाकटा भाऊ. बहिणीचा माल म्हणून तो दुप्पट कडक वागे.

"ताई, याला लाल म्हणायचं की वांगी?"

"वांगीच म्हण."

संचालक घाम पुसत पुढे झाले. "कपाटात मागचं द्रावण आहे ना? ते दाखवा. उत्तम होतं ते."

"ते मागचं आहे, सर. यांना आजचं बघायचंय."

ताई टाकीभोवती एक फेरी मारून आल्या. सोनं तेच, पाणी तेच, आच तीच. बदलली होती ती फक्त स्वच्छता. त्या थांबल्या आणि चक्क हसल्या.

"काय झालं?" भावाने विचारलं.

"आपण विरजणाचं भांडं घासून टाकलं. भिंतीवरच्या पुटातले बारीक कण दर वेळी द्रावणात उतरत आणि त्यांच्यावर नवे कण एकसारख्या आकाराचे वाढत. आज धरायला बीजच नव्हतं."

"म्हणजे आजवरचं यश तुझं नाही, मळाचं?"

"मळाचं. आम्ही फुकट मिरवलो."

संचालकांनी डोळे मिटले. डॉक्टरबाईंनी मात्र खुर्ची पुढे ओढली. "मग आता?"

"आता मोजून विरजण लावते."

कपाटातली बाटली शेवटी निघाली, पण दाखवायला नव्हे. त्यातलं थोडं द्रावण ताईंनी नव्या पाण्यात बीज म्हणून सोडलं आणि सोनं सावकाश घातलं. जेवणाच्या सुट्टीआधी टाकी लालभडक झाली. मोजणीयंत्रावर आलेख सुईसारखा उभा राहिला, म्हणजे सगळे कण एकाच मापाचे. परदेशी मालाचाही इतका सरळ येत नसे.

संचालक टाळी वाजवणार, तोच भाऊ म्हणाला, "आणखी एकदा तुक्का लागला नसेल कशावरून? उद्या माझ्याकडे कर. टाकी माझी, पाणी माझं, माणसं माझी. तू हात लावायचा नाही."

"दादागिरी नको करूस, धाकटा आहेस," ताई म्हणाल्या. "येते."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात, समितीसमोर, ताईंनी बीजाची बाटली आणि कृती तिथल्या रसायनतज्ज्ञाच्या हाती दिली आणि हात मागे बांधून भिंतीशी उभ्या राहिल्या. द्रावण फिकट गुलाबी झालं आणि तिथेच रेंगाळलं. रसायनतज्ज्ञाने त्यांच्याकडे बघितलं, "ताई, आच वाढवू?" ताईंनी छताकडे बघितलं. त्याने पुन्हा कृती वाचली, आच होती तशी ठेवली, ढवळणं चालू ठेवलं. रंग हळूहळू गडद होत गेला. नमुना पट्टीवर टाकला तेव्हा उमटलेली रेघ दारातूनही दिसत होती.

"तुमच्या हाताशिवाय झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तेच तर हवं होतं," ताई म्हणाल्या.

भावाने खरेदीच्या करारावर सही केली. "आता हे विरजण फक्त माझं."

"नाही रे राजा. पलीकडच्या शहरातल्या कारखान्यालाही देणार. पुढच्या साथीत तुझी एक टाकी देशाला पुरणार आहे?"

"तो माझा वैरी आहे!"

"विरजण मागायला आलेल्याला कुणी नाही म्हणतं का?"

भाऊ बराच वेळ कुरकुरला. मग त्याने टाकीची तोटी स्वतः उघडली, पहिली बाटली भरली आणि वर वैऱ्याच्या कारखान्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. खाली, कुणालाही न विचारता, विरजण देणारा म्हणून आपल्या कारखान्याचंही.