दोन थेंब डिंक

आमच्या कारखान्यात साहेबांच्या सत्काराला द्यायच्या शोभेच्या तलवारी होतात. हेडक्लार्कला हातभर, मॅनेजरला दीड हात. खुर्ची जितकी मोठी तितकी तलवार लांब. लढायचं कुणालाच नसतं. एकदा एका साहेबांनी फोटोसाठी तलवार उपसली आणि शेजारच्या साहेबांचा टाय अर्धा झाला. तेव्हापासून मी प्रत्येक म्यानात दोन थेंब डिंक सोडतो. कसला तरी विलायती डिंक, धातूला धातू चिकटवणारा.

पाती अण्णा घडवायचे. माझे वडील. हात थरथरायला लागले, तेव्हा शेवटचं पातं त्यांनी दोन महिने घासलं. चेअरमनसाठी.

"हिला डिंक लावू नकोस रे. माझं पातं कुणीतरी उपसलेलं एकदा बघू दे."

"हो अण्णा."

त्या दिवशी बारा तलवारी डिंक लावून पॅक केल्या, चेअरमनचीही त्यांतच. आठवलं तेव्हा तेराव्या कामाला हात घातला होता आणि बाराही वाळल्या होत्या. सांगायला हवं होतं. पण म्हटलं, ज्याने उभ्या जन्मात गाडीचं दार स्वतः उघडलं नाही, तो तलवार कशाला उपसतोय?

चेअरमनच्या सत्कार समारंभाला अण्णा पहिल्या रांगेत. चष्मा तीनदा पुसला. मग फोटोवाला ओरडला, "साहेब, जरा उपसा की!" अण्णा माझ्याकडे बघून हसले. त्यांनीच त्याला पढवलं होतं.

चेअरमननी ओढली. हलेना. मॅनेजरनी म्यान धरलं, ड्रायव्हरने मॅनेजरला धरलं.

"अहो, गरम पाण्यात धरा!" चेअरमनच्या बायकोने खालून सुचवलं. "बरणीचं झाकण असंच निघतं!"

निघाली ती मूठ. चेअरमन मुठीसकट फुलांच्या कुंडीत बसले. पातं म्यानातच. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे, टाळ्या पडल्या.

अण्णांनी चष्मा काढून डबीत ठेवला.

घरी आलो. दारात चपला काढताना म्हणाले, "डिंक मात्र पक्का लावतोस हो." टोमणा असता तर बरं वाटलं असतं. एका कारागिराने दुसऱ्याचं काम वाखाणलं होतं.

दुसऱ्या दिवशी तलवार परत आली. सोबत चिठ्ठी: मूठ बसवून द्या, आता निघता कामा नये. मी म्हटलं, "अण्णा, म्यान कापतो. नवं करून देऊ."

"चांदीचं आहे ते," अण्णा म्हणाले. "पातं काय, लोखंडच."

आणि डिंकाची बाटली त्यांनीच माझ्यापुढे सरकवली.