काकांचं वाक्य

सलिल पडवीतला फळा काढत होता. वरचे खिळे निघाले होते, खालचा गंजून बसला होता. घराला कुलूप लावून मला डोंबिवलीला न्यायचं त्याने ठरवलं होतं. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. त्याच्या आईला, वैदेहीला, जाऊन महिना झाला नव्हता.

तेवढ्यात मनस्वी आली. वैदेहीच्या इंग्रजीच्या शिकवणीतली, दहावीची.

"काका, उद्या पेपर हाय. 'पुट अप विथ' म्हंजे काय ओ? बाईंनी शिकवलेलं, पण आता आठवतच नाय."

"मी लोट्याच्या कारखान्यात बॉयलरवर होतो गो. मला काय विचारतेस?"

पण मला येत होतं. वैदेही नुसते अर्थ पाठ करून घेत नसे. प्रत्येकाचं वाक्य करायची आणि वाक्यात मला घालायची. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं, काकांनी तंबाखू सोडली. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, काका दाढ दुखली तरी डॉक्टर पुढे ढकलतात. पोरं खिदळायची. मी रात्रपाळी करून आत झोपलेला असायचो. एकदा चिडलो, तर म्हणाली, "अहो, तुमच्यामुळे पोरांना मार्क मिळतात. नाहीतर तुमचा उपयोग काय?"

आमच्या अलोऱ्याची पोरं बोर्डाच्या पेपरातही तीच वाक्यं लिहून यायची. कुठल्या कुठल्या तपासनिसांना माझी दाढ ठाऊक असेल.

"सहन करणं. चालवून घेणं," मी म्हटलं.

"आणि वाक्य?"

सलिलचा हात थांबला होता. मी घसा खाकरला.

"आय पुट अप विथ काका."

मनस्वी जरा घुटमळली. "हे अर्धं झालं. पुढं 'अँड ही पुट्स अप विथ मी' असं हाय."

"हे मी कधी ऐकलं नाही."

"ते बाई हळू सांगायच्या. म्हणायच्या, काकांनी ऐकलं तर डोक्यावर बसतील."

मी पायरीवर बसलो. समोरच्या आंब्याकडे बघत राहिलो.

"बाबा, फळा?" सलिलने विचारलं.

"हिचा पेपर होऊ दे."

"म्हणजे डोंबिवली पुढे ढकलली."

"तुझी आई सांगायचीच."

तो हसला नाही. काढलेले खिळे त्याने खिशातून काढले आणि परत ठोकले. मनस्वीने खडू घेतला आणि वाक्य लिहायला लागली, सबंध.

फळा एका बाजूला कलला होता. वैदेहीला चालला नसता. मी तसाच राहू दिला.