बर्फ पडेपर्यंत

वायोलाचं पत्र जानेवारीत आलं होतं. मे उजाडला तरी अँब्रोजनं उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्यानं रोज हाताळायच्या शब्दकोशातच ठेवलं होतं, त्यामुळे विसरल्याचं सोंगही करता येईना.

वायोला ब्राउनिंग गावच्या शाळेत लहान मुलांना ब्लॅकफूट, म्हणजे त्यांच्या आदिवासी जमातीची भाषा, शिकवायची. तिला अँब्रोजच्या आईच्या आठ कॅसेट हव्या होत्या. म्हातारीनं सांगितलेल्या, लबाड नापीच्या गोष्टी. ‘असं बोलणारं आता गावात कुणी उरलं नाही,’ तिनं लिहिलं होतं. खोटं नव्हतं. अँब्रोजची स्वतःची भाषा लहानपणी सरकारी बोर्डिंग शाळेनं मारून अर्धी मोडली होती, आणि फिती दर वर्षी जास्त खरखरत होत्या.

पण कॅसेट मुळात अकरा होत्या. तीन एका गोडबोल्या प्राध्यापकानं महिन्याभरासाठी नेल्या, त्याला तीस वर्षं झाली. पुढे कळलं, भर जुलैत पाहुण्यांच्या जेवणावळीत त्या वाजवल्या गेल्या. बर्फ असेपर्यंतच सांगायच्या गोष्टी, आणि जुलैत!

“ही पोरगी नक्की कुणासाठी मागतेय?” त्यानं चुलतबहीण बर्निसला विचारलं.

“पोरांसाठी. तू मेल्यावर देवाकडेसुद्धा ओळखपत्र मागशील रे!”

मग बर्निसच म्हणाली, शाळेला मदत देणारा कुणी माणूस शुक्रवारी कॅमेरा घेऊन येतोय. अँब्रोजच्या मनात पाल चुकचुकली. शुक्रवारी तो गुपचूप जाऊन वायोलाच्या वर्गात मागच्या बाकावर बसला.

“एक नापीची गोष्ट होऊन जाऊ दे,” कॅमेरावाला म्हणाला. “दोनच मिनिटं.”

“बर्फ नाही,” वायोला म्हणाली.

“म्हणजे?”

“बर्फ वितळलं. आता नापी हिवाळ्यात.”

मुख्याध्यापक खाकरले. “अगं, ते एवढ्या लांबून आलेत.”

“नोव्हेंबरात परत या म्हणावं. टायर तेवढे चांगले लावून.”

पोरं खिदळली. कॅमेरावाल्याचा चेहरा आंबला. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघू लागले.

मला बघूनच बोलली असेल, अँब्रोजला वाटलं. मुद्दाम. तेवढ्यात शेजारची दात पडलेली मुलगी त्याच्या कानाशी आली.

“त्याला कुणी शिकवलंच नाही का हो? उन्हाळ्यात सांगितलं तर आंधळं होतात. बाईंनी केव्हाच सांगितलंय.”

तिला अँब्रोज कोण, कॅसेट कसल्या, काही माहीत नव्हतं.

वर्ग सुटल्यावर वायोला जवळ आली. “आजोबा, पत्र मिळालं?”

“कुठलं पत्र?” म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

“असू दे. हल्ली टपाल फार हळू चालतं.”

घरी त्यानं चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं: ‘वायोला, बर्फ पडलं की ये. रीतीप्रमाणे तंबाखू आण. नक्कल करायचं मशीन आणू नकोस.’ मग फितींची खरखर आठवली. शेवटचं वाक्य खोडून त्यानं लिहिलं: ‘मशीन आण. पण कॅसेट घराबाहेर जाणार नाहीत. नक्कल होताना मी शेजारी बसेन. आठही.’

‘आठही’ लिहिताना हात थबकला. सध्या एकच म्हणावं? आठच राहू दिलं.

टपाल कचेरीत जाऊन त्यानं पत्र पेटीत सोडलं. मग झाकण उचलून, ते कुठे मध्येच अडकलं नाही ना, हे वाकून पाहिलं.