मामाच्या गिटारचं खोकं

कॉम्प्युटरवरच्या गाण्याच्या प्रोजेक्टमध्ये अकरा ट्रॅक होते. सात वाजत होते, चार गप्प होते. गप्प असलेले चारही मामाच्या गिटारचे.

चारही ट्रॅकवर एकच पाटी: प्लगइन सापडला नाही. गिटार थेट कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड केली की आवाज कोरडा, टिचक्या मारल्यासारखा येतो. तो आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्पमधून आणि स्पीकरच्या खोक्यातून आल्यासारखा करणं हे त्या प्लगइनचं काम.

"मी काही केलं नाही," मामा म्हणाला.

"काहीच नाही?"

"थोडी साफसफाई केली. डिस्कचा उकिरडा झाला होता."

वादन मागच्या वर्षीचं होतं. त्यानंतर मामाच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. चहाचा कपही तो आता डाव्या हातानं उचलायचा. गाणं जिचं होतं त्या गायिकेला ते संध्याकाळी मिक्सिंगला द्यायचं होतं. तोवर गिटारचा पूर्वीचा आवाज परत आला नाही, तर ती दुसऱ्या वादकाकडून सगळं नव्यानं वाजवून घेणार होती. तसं तिनं सरळ सांगितलं होतं, आणि सांगताना काका-काका करत होती, म्हणून मामा जास्तच चिडला होता.

मी एका वेळी एकच गोष्ट बदलायचं ठरवलं. मामाची रीत अशी की तीन गोष्टी एकदम बदलायच्या आणि बिघडलं की कॉम्प्युटरला शिव्या घालायच्या.

साफसफाईत प्लगइनचा फोल्डर दुसरीकडे गेला होता. सॉफ्टवेअरला नवी जागा दाखवून पुन्हा शोधायला लावलं. पाट्या गेल्या. चारही ट्रॅक वाजले, पण डबीत माशी कोंडल्यासारखे.

"हा माझा आवाज?"

"सध्या माशीचा."

"ताईनं तुला फिजिक्सला घातलं ते ह्यासाठी!"

प्लगइनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की खोक्याची अमुक आकड्याची फाइल नाही. अ‍ॅम्प चालू होता, स्पीकरचं खोकं गायब. अशी एक फाइल म्हणजे एखाद्या खऱ्या स्पीकरच्या आवाजाचा ठसा. मामाकडे तीन होत्या. त्यांची मूळ नावं आकड्यांची होती, म्हणून त्यानं साफसफाईत ती बदलून टाकली होती: थोरला, लठ्ठ्या, घोगऱ्या. कुठल्या नावामागे कुठला आकडा होता, हे त्याला आठवत नव्हतं.

"थोरलाच," तो म्हणाला. "लाव. माझे कान आहेत, उसने आणलेले नाहीत."

लावला. छान वाजला. गायिकेला तुकडा पाठवला. लगेच फोन आला.

"काका, मस्तच आहे. पण तो नाही हा."

"तोच आहे गं बाई."

"मग माझेच कान बदलले असतील," ती हसून म्हणाली आणि फोन ठेवला.

मामा हसला नाही.

तिनं पूर्वी पसंत केलेला, नुसत्या गिटारचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा डिस्कवर सापडला. गाण्याला तो पुरला नसता. तुलनेला पुरेसा होता. मी तो उलटा केला, म्हणजे लाटेचा जिथे चढ तिथे उतार, आणि नव्या आवाजाबरोबर वाजवला. दोन्ही हुबेहूब असले तर एकमेकांना खाऊन टाकतात. उरतो तो फरक. तो उणे ऐंशी डेसिबलच्या खाली गेला की कुणालाच ऐकू येत नाही.

"दोघं एकदम बोलले की शांतता?" मामा म्हणाला. "तुझ्या मामीवर करून बघायला हवं."

थोरला लावून मोजलं: उणे अकरा.

"मीटर बिघडलंय."

लठ्ठ्या: उणे सोळा.

"घोगऱ्या नको लावूस. तो मी झोपेतही लावला नसता."

"मग काय करायचं?"

"मग दुसऱ्याला बोलवू दे तिला."

त्यानं उजवा हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं धरला. मी घोगऱ्या लावला आणि तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू दिला.

उणे त्र्याण्णव डेसिबल.