आकृती सात

नव्या आवृत्तीची प्रुफं तपासता तपासता प्राध्यापकांचा हात आकृती सातपाशी थबकला आणि चौदा महिने उत्तराविना पडलेलं ते पत्र त्यांना आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलं कधी होतं!

पत्र एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं. ‘तुमच्या पुस्तकातल्या वंशावळीत काळं वर्तुळ आहे ना, ती माझी आजी. गाव आणि सालावरून ओळखलं. काळं म्हणजे मंदबुद्धी, असं खाली लिहिलंय. पण आजी बहिरी होती हो. लहानपणी तापात कान गेले. समोरच्याचे ओठ बघून सगळं समजायची. माझ्या मुलीने कॉलेजात ते पान वाचलं. आता म्हणते, लग्न करीन, पण मूल नको. खरं काय ते तुम्हीच तिला सांगा.’

असल्या वंशावळींच्या जोरावर एके काळी कित्येक बायकांवर मूल होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया झाल्या होत्या. मंदपणा रक्तातून उतरतो म्हणणाऱ्या त्या जीवशास्त्रावर प्राध्यापकांचं पुस्तक तुटून पडलं होतं. पण वर्तुळ मुळात काळं का, हे त्यांनीही विचारलं नव्हतं.

ती वंशावळ ज्या जुन्या पाहणीवरून काढली होती, तिच्यातल्या त्या आजीच्या कार्डाची प्रत त्यांनी खणातून काढली. ‘भेट चार मिनिटं. बाई शिवत होती. तीनदा प्रश्न विचारला. मान वर केली नाही.’ शेजारी पेन्सिलीची बरोबरची खूण. तीस वर्षांपूर्वीची, त्यांच्याच हातची.

“झालं का उत्तर?” बायको दारातून म्हणाली. “की आधी संदर्भसूची जोडताय?”

“अगं, कुठल्या तोंडाने लिहू? हे कार्ड माझ्यापाशीच होतं. मी वाचलं होतं.”

“मग तेवढंच लिहा.”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांचं राहू द्या. ती पोरगी काय म्हणतेय, ते बघा.”

आधीचे सगळे खर्डे पानंच्या पानं भरून टोपलीत गेले होते. हा तीनच ओळींचा झाला. ‘तुझी पणजी मंदबुद्धी होती याला सोबतचं कार्ड एवढाच पुरावा आहे. मी तो वाचला आणि तरी वर्तुळ काळंच छापलं. चूक माझी.’

मग त्यांनी खोडरबर उचललं. पेन्सिलीच्या खुणेवर टेकवलं. थोडा वेळ तसंच धरलं आणि खाली ठेवलं. कार्ड होतं तसं पाकिटात गेलं.

“मला वाचून तरी दाखवा.”

“नको. वाचलं की खोडीन.”

चपला कशाबशा पायात सरकवून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जवळजवळ धावतच गेले. पाकीट आत सोडलं. हात मात्र क्षणभर फटीतच राहिला.