धक्क्याच्या टोकाचं पाणी

तोमेकिचींच्या एकतीस वह्या बुटक्या टेबलावर मांडल्या होत्या आणि वकीलबाई तासभर त्या वाचत होत्या. चहा कधीच गार झाला होता. शूहेई दाराशी बसून बापाकडे, तोमेकिचींकडे, बघत होता. म्हाताऱ्यानं ठेवणीतला कोट घातला होता. घरातल्या घरात.

शेजारच्या हात्सुए काकू कालवं सोलता सोलता उठून आल्या होत्या. हातात अजून सुरी होती.

"कोर्टात जाताना टाय पण लावा," त्या म्हणाल्या. "आणि दात बसवून जा. नाहीतर न्यायाधीशाला वाटेल कालवच बोलतंय."

"तू जा, तुझी कालवं सुकतायत," तोमेकिची म्हणाले. पण खूश होते.

खटला परदेशात होता. छोट्या बेटांच्या काही देशांनी मिळून लावलेला. समुद्र घाण करायचा नाही, असा करार जगातल्या देशांनी कधीचाच केलाय. आता प्रश्न असा, की धुराड्यातला वायू वरून येऊन पाण्यात मुरतो, पाणी आम्लाकडे झुकतं, कालवांच्या पिल्लांना कवच धरत नाही, तर ही घाण धरायची की नाही? आणि थांबवायची कोणी? त्यासाठी बेटवाल्यांच्या बाजूनं ओरिहारा वकीलबाई गावोगाव पुरावे गोळा करत फिरत होत्या. या खाडीत एक म्हातारा एकतीस वर्षं रोज पाणी मोजतो, हे कळल्यावर त्यांनी न बघताच वह्यांचं नाव कोर्टाच्या यादीत घालून टाकलं होतं.

म्हणजे वह्या आता दोन्ही बाजूंना बघता येणार होत्या.

बाईंनी शेवटची वही मिटली.

"आजोबा, एक दिवस चुकला नाही तुमचा."

"बायको गेली त्या दिवशी पण मोजलंय. दुपारी मोजलं, तेवढंच."

"हो, वाचलं मी." बाईंनी पहिली वही पुन्हा उघडली. "पण पाणी आम्लाकडे झुकलं की हा पीएचचा आकडा उतरायला हवा, आणि तुमचा खाली येतच नाही. पहिल्या वर्षी आठ पॉइंट एक. आज सकाळी आठ पॉइंट एक. समोरची बाजू हेच पान वर धरून म्हणेल, बघा, समुद्राला काही झालेलं नाही."

"मग नसेल झालं," तोमेकिची म्हणाले. "माझं यंत्र खोटं बोलत नाही. दर रविवारी तपासतो मी."

गेली चार वर्षं शूहेई कालवांचं बी हौदात तयार करत होता. बाहेरचं पाणी तसंच घेतलं की पिल्लं तळाला बसायची, पिठासारखी. म्हणून तो पाण्यात शिंपल्यांच्या गोण्या बुडवून ठेवायचा. शिंपला विरघळतो, पाणी सावरतं. आकडा आठ पॉइंट एकवर येतो. हे बापाला त्यानं कधी नीट सांगितलंच नव्हतं. बाप हौदाला 'दवाखाना' म्हणायचा आणि आत यायचा नाही.

"आजोबा, पाणी घेता कुठलं?" बाईंनी विचारलं.

"धक्क्याच्या टोकाचं. आणखी कुठलं?"

बाईंनी शूहेईकडे पाहिलं. त्याला गप्प बसता आलं असतं. बाप खोटा ठरला नसता, समुद्र बरा ठरला असता. आणि ती पानं बेटवाल्यांच्याच विरोधात वाचली गेली असती.

"तिथं आम्ही शिंपले टाकतो," तो म्हणाला. "हंगाम संपला की. पणजोबांपासून. चुन्यासाठी कधी विकले नाहीत. कालवांचं घर त्यांना परत द्यायचं, वर थोडी तांदळाची साके ओतायची आणि माफी मागायची. तिथं पाणी कोंडलेलं असतं, खाली सगळा शिंपल्यांचा थर. ते विरघळतात. बाबा मोजतात ते..." त्यानं वह्यांकडे बोट केलं. "ते आमच्या शिंपल्यांचं पाणी आहे. खाडीचं नाही."

हात्सुए काकूंनी सुरी एप्रनला पुसली, पुन्हा पुसली.

"जिथं परत देतो तिथंच खाडीला विचारायला नको, कशी आहेस म्हणून?" तोमेकिची म्हणाले. ते शूहेईकडे बघतच नव्हते. "दुसरीकडे कशाला विचारायचं?"

"मी वह्या यादीतून काढून घ्यायला अर्ज करते," बाई म्हणाल्या. "यादीत घालायच्या आधी मीच विचारायला हवं होतं. माफ करा." त्यांनी जमिनीला कपाळ टेकेपर्यंत वाकून नमस्कार केला. ते बघून शूहेईला जास्तच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा बाटली आणि यंत्र घेऊन निघाला. जुन्या जाकिटात. शूहेई मागे गेला.

"बाबा, होडीनं जाऊया. मध्यावर."

वाटलं, नाही म्हणतील. पण ते होडीत चढले. कालवांचे तराफे मागे टाकून शूहेईनं इंजिन बंद केलं. तोमेकिचींनी बाटली बुडवली, यंत्र घातलं, वाट बघितली. सात पॉइंट आठ. त्यांनी पाणी ओतून दिलं आणि पुन्हा भरलं. सात पॉइंट आठ. तिसऱ्यांदा त्यांनी यंत्र शर्टाला पुसून घेतलं. तेच.

"लिहा ना," शूहेई म्हणाला. वही त्यानं आणली होती. कोरी.

"कोर्टाला किती वर्षांचं लागतं?"

"बाई म्हणाल्या, निदान वीस."

तोमेकिची एकोणऐंशीचे होते. त्यांनी वही घेतली, मांडीवर ठेवली, उघडली नाही.

परत येताना ओहोटी पूर्ण लागली होती. धक्क्याशी होडी लावताना म्हातारा खाली वाकून बघत राहिला.

"तुझा पाय कापला होता इथं. सहा वर्षांचा होतास. ओहोटीला ढीग वर यायचा, तू त्यावर चढलास."

"सात टाके पडले होते."

"त्यानंतर दर वर्षी टाकलेत आपण. ट्रक भरभरून."

दोघं खाली बघत होते. पाणी स्वच्छ होतं, कंबरभर. तळाला शिंपल्यांचा पांढरा थर दिसत होता, पातळ, कडा झिजलेला. एवढी ओहोटी, तरी ढीग वर आलेला नव्हता.

"ढीग कधी मोजला नाही मी," तोमेकिची म्हणाले.

शूहेईनं दोर बांधला. सोलायच्या शेडमागं या वर्षीचे शिंपले रचून ठेवलेले होते, रविवारी टाकायचे म्हणून. रविवारी ते टाकणारच होते. दुसरं काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.