कमलाक्षीचे उपास

वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले तेव्हा शंभूने पेडणे तालुक्यातल्या केरीहून पणजीला लेकीला, गौरवीला, फोन लावला. भटजी शनिवारी येणार, रविवारी मासळीचं जेवण, सगळं ठरलं आहे, असं त्याने सांगितलं. त्यांच्या घरातली रीतच तशी होती. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी तिखट जेवण करायचं, गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढून परसात ठेवायचं आणि कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही. या पानाला वाडी म्हणतात.

"वाडीवर बांगड्याचं हुमण आणि दोन तळलेले बांगडे," शंभू म्हणाला. "भाग्यलक्ष्मी करते म्हणालीय." भाग्यलक्ष्मी ही त्याच्या धाकट्या भावाची, दत्तारामची बायको. ती शेजारच्याच घरात राहायची.

"कुणाच्या आवडीचं ते?" गौरवीने विचारलं.

"कुणाच्या म्हणजे? तुझ्या आईच्या."

 

"बाबा, शुक्रवारी पणजीला या. मी रजा काढते. सकाळी घरून काही खाऊन येऊ नका."

"कशाला?"

"आईच्या पानावर काय ठेवायचं ते ठरवायला."

यात ठरवायचं काय ते शंभूला कळेना. गेल्या वर्षी त्याची बायको कमलाक्षी चार दिवसांच्या दुखण्यात गेली. बाराव्यानंतरच्या जेवणाला भाग्यलक्ष्मीने विचारलं, "भावोजी, वहिनींना काय आवडायचं?" तो डोळे पुसत म्हणाला होता, "बांगडा." पान ठेवलं आणि लोक दोन पावलं मागे सरतात न सरतात तोच माडावरून कावळा झेपावला. बांगडा उचलला आणि गेला. सगळे म्हणाले, कमलाक्षी तृप्त होऊन गेली. शंभूने ही गोष्ट वर्षभर सांगितली. तुयेच्या कारखान्याची बस चालवताना मागच्या सीटवरच्या कामगारांना सांगितली, केरीच्या तरीवर फेरीबोटीची वाट बघताना सांगितली. बाकी उमेद कशाची नव्हती. एवढी एकच गोष्ट होती त्याच्याकडे: आपली बायको आपल्या हातून तृप्त होऊन गेली.

शुक्रवारी तो बसने पणजीला उतरला. गौरवी स्टँडवर उभी होती. तिशीची झाली होती, बँकेत होती, आणि उभी राहिली की थेट आईसारखी, एक हात कमरेवर.

तिने त्याला बाजारामागच्या एका लहानशा भोजनालयात नेलं. सहा टेबलं आणि दाराशी पावांची टोपली. तिने न विचारता पातळभाजी, सुकी भाजी, पाव आणि केळं घालून तळलेले दोन गोडसर बन मागवले. शंभूला भूक लागली होती. त्याने पाव मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला.

"बरा आहे," तो म्हणाला. "पण ही भाजी काय, घरीपण होते."

"घरी कधी व्हायची?"

तो आठवू लागला. संध्याकाळी चहाबरोबर भजी व्हायची. पातळभाजी कधी झाली होती ते काही आठवेना.

वाढणारा माणूस साठीचा होता. वेंगुर्ल्याकडचा, बोलीवरून कळत होतं. तो गौरवीला बघून थांबला.

"काय गे बाय, मावशी खंय? वर्स झाला, येवक नाय."

"आई गेली, यशवंतकाका. मागच्या साली."

यशवंतच्या हातातली बशी तशीच राहिली. "देवा," तो म्हणाला. "बरी बाई गे. येकदम बरी. बन गरम असलो तरच घेय. थंड दिलंय तर हातान परत सारी." मग त्याचं लक्ष शंभूकडे गेलं. "हे कोण?"

"बाबा."

"म्हणजे पेडण्याचे डायवर ते?" यशवंत जरा मागे सरला. "तुमच्या भयान ती भिंतीकडेन तोंड करून बसायची. मी म्हणालंय, मावशे, हंय तुका कोण वळाखतलो? तर म्हणाली, ह्यांचे सगळे डायवर पणजेक येतत, कोणीतरी बघीत."

तो हसला, आणि शंभू हसत नाही हे बघून आत निघून गेला.

शंभूने हातातला बन खाली ठेवला. "ती कधी यायची इथे?"

"डोळे दाखवायला यायची ना, तेव्हा."

दर दोन-तीन महिन्यांनी कमलाक्षी डोळे दाखवायला पणजीला यायची. शंभूच तिला मोटरसायकलवर फाट्यापर्यंत सोडायचा. संध्याकाळी परत यायची तेव्हा तिचा चेहरा उजळलेला असायचा. तो चेष्टा करायचा, "डॉक्टर औषध डोळ्यात घालतो की गालाला लावतो?" तीही हसायची. बारा वर्षांत चष्म्याचा नंबर एकदाही बदलला नाही, हे त्याच्या आता ध्यानात आलं.

"मला सांगायला काय झालं होतं?" तो म्हणाला. "मी काय नको म्हटलं असतं?"

"चला," गौरवी म्हणाली. "अजून दोन ठिकाणं आहेत."

दुपारी ती त्याला नदीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात घेऊन गेली. थंडगार हवा, काचेची दारं, टेबलावर कापडी रुमाल. शंभूने रुमाल उचलून बाजूला ठेवला. शेजारच्या टेबलावर तळलेल्या सुंगटांचं, कोळंबीचं, ताट आलं आणि त्याला बरं वाटलं. "थाळी सांग," तो म्हणाला. "विसवणाचा तळलेला तुकडा असेल तर बघ."

"थाळी तुम्हांला सांगते. मला आईचं." तिने अळंब्यांची शाकुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातला रस्सा, आणि पोळी मागवली.

"अळंबी खायला एवढ्या लांब यायची ती? पावसात आपल्या वारुळाजवळ उगवतात की."

"तुम्ही उपटून फेकायचात."

"विषारी निघाली तर?"

"तिच्या माहेरी, डिचोलीला, ती वेचून आणायची. तिला कुठली खायची ते कळायचं."

थाळी आली. शंभूने हुमणाच्या रश्श्याचा भुरका घेतला आणि नेहमीसारखं तोंडातून निघून गेलं, "तुझ्या आईच्या हाताची सर नाही." मग त्याला वाटलं, आता तरी पोरगी बरं बोलेल.

गौरवीने चमचा ठेवला. "बाबा, आई मासळी खायची नाही."

"उपासाला खायची नाही."

"कधीच नाही."

"काहीतरीच काय बोलतेस! अडतीस वर्षं मी तिच्या हातची मासळी खाल्ली."

"तुम्ही खाल्लीत. ती कधी खाताना दिसली तुम्हांला?"

 जेवायला आधी तो बसायचा, मग गौरवी. कमलाक्षी मागून, स्वयंपाकघरात. ताटात काय घ्यायची ते त्याने कधी वाकून बघितलं नव्हतं. मांजर मात्र तिच्या पायाशी असायचं. बोका इतका माजला होता की दत्ताराम त्याला पाटील म्हणायचा. कमलाक्षी गेली आणि दोन महिन्यांत बोका हाडांवर आला, मग दिसेनासा झाला. शंभूला वाटलं होतं, मुक्या जनावराने माया केली.

"आणि उपास मोजा," गौरवी म्हणाली.

सोमवार शंकराचा. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. दोन एकादश्या, संकष्टी, श्रावण पूर्ण, गणपतीचे दिवस, नवरात्र. मग कोणा बाबाचा मंगळवार धरला. शंभू चारचौघांत म्हणायचा, "आमच्या बाईच्या देवांनी आठवडा खाऊन टाकला." म्हणताना छाती फुगायची. अशी धार्मिक बायको अख्ख्या केरीत नाही. आणि उपास नसेल त्या दिवशी सोलकढी आणि भात. पोट बरं नाही म्हणायची.

"देव देव करायची ती," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"देवळात किती वेळा गेली सांगा."

 शेजारच्या टेबलावरची माणसं सुंगटांची डोकी मोडत होती.

"तिने सांगायचं मला."

"सांगितलं होतं," गौरवी म्हणाली. "लग्नानंतर. तुम्ही काय म्हणालात ते तिने मला एकदाच सांगितलं, इथेच बसून."

गौरवीने पुढे काही सांगायची गरज पडली नाही. शंभूला आठवलं. लग्नानंतरचा पाचवा की सहावा दिवस. परसात टोपलीभर बांगडे, कमलाक्षी विळीवर बसलेली, आणि एकदम उठून केळीखाली ओकलेली. तिचा बाप भजनी माणूस, त्या घरात मासळी शिजत नव्हती. ती तोंड धुऊन आली आणि हळूच म्हणाली, मी करून देईन, पण मला खायला लावू नका. ओसरीवर त्याचे सोबती बसले होते, डिचोलीच्या खाणीवर त्याच्याबरोबर ट्रक चालवणारे. त्यांना ऐकू जावं म्हणून तो मोठ्याने बोलला होता. "केरीच्या घरात मासळीला नाक मुरडणारी बाई चालायची नाही. नाहीतर जा डिचोलीला, बापाबरोबर टाळ कूट." सोबती हसले होते. तोही हसला होता. पुढच्या आठवड्यात तिने पहिला सोमवार धरला.

"बाराव्याला का नाही बोललीस?" त्याने विचारलं.

"तुम्ही रडत होतात."

"आणि आता?"

"आता वर्षभर तुमची कावळ्याची गोष्ट ऐकली, बाबा. फोनवर दर वेळी. कावळा मासळी सोडतो का? कुणाच्याही पानावरची उचलेल."

थाळीतलं हुमण थंड झालं. शंभूने ताट बाजूला सारलं.

तिसऱ्या ठिकाणी, चर्चच्या खालच्या अंगाला, गौरवीने दोन सेरादूर मागवले. काचेच्या पेल्यात साय आणि बिस्किटांचा भुगा, एकावर एक थर. आई पहिला चमचा घेऊन डोळे मिटायची, एवढंच ती म्हणाली. शंभूने चमचा तोंडात घातला. गोड होतं. दुसरा चमचा न घेता त्याने पेला तिच्याकडे सरकवला.

"वाडीवर काय ठेवू ते सांग," तो म्हणाला.

"मी नाही सांगणार. मी तर तिला खाऊ घातलंय. तुम्ही ठरवा."

शंभू पुन्हा बाजारामागच्या भोजनालयात गेला आणि चार बन बांधून घेतले. यशवंतने पैसे घेतले नाहीत.

शनिवारचं श्राद्ध झालं. रविवारी दुपारी परसात केळीचं पान मांडलं. शंभूने भाग्यलक्ष्मीला बांगडा वाढू दिला नाही. पातळभाजी त्याने सकाळी स्वतः केली होती, जमेल तशी. ती, तव्यावर गरम केलेला बन, भात आणि सोलकढी.

"भावोजी, हे काय?" भाग्यलक्ष्मी म्हणाली. "मेलेल्या माणसाला चहाचं खाणं?"

"तिला आवडायचं."

"कधी बाई? मी इतकी वर्षं शेजारी, मला नाही दिसलं."

"मलाही नाही दिसलं," शंभू म्हणाला.

कावळे माडावर होते. खाली कुणी उतरेना. पाव तास गेला, अर्धा गेला. डिचोलीहून कमलाक्षीचा भाऊ आला होता, साईश नावाचा त्याचा नातू उन्हात रडायला लागला. दत्ताराम म्हणाला, "दादा, हट्ट सोड. बांगड्याचं एक कुडकं ठेव बाजूला. मागल्या खेपेला बघ कसा आला."

"नाही."

"अरे, तिची काहीतरी इच्छा राहिलीय."

"राहिलीय तर राहू दे," शंभू म्हणाला. "मासळी ठेवायची नाही."

तासभर झाला. शंभूच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा गौरवीने त्याला धरून पडवीत नेलं आणि पाणी दिलं. तो दोन घोट प्याला असेल नसेल, तोच परसातून गलका उठला. "शिवला! शिवला!"

तो धावत आला. कावळा माडावर जाऊन बसलाही होता. पानावर भात विस्कटलेला, बन तसाच, भाजी तशीच. बनाच्या कडेला तांबडा मसाला लागला होता आणि एक बारीक काटा पडला होता. भाग्यलक्ष्मीचा हात पदरामागे होता.

"बघा," ती म्हणाली, "वहिनी तृप्त झाल्या. चला, पानं घ्या रे."

माणसं भराभर आत गेली. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. गौरवीने बघितलं, मग काट्याकडे, मग ती आईसारखी कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली. शंभूला ओरडायचं होतं. पण कुणावर ओरडायचं? भाग्यलक्ष्मीने एक दिवस केलं होतं, त्याने अडतीस वर्षं.

त्याने तो काटा पानावरून उचलला आणि केळीच्या बुंध्याशी टाकला.

आत पंगत बसली होती. हुमणाचा वास घरभर झाला होता. दत्तारामने शेजारची जागा थोपटली. "बस, दादा. वर्ष झालं. आता नीट जेव."

भाग्यलक्ष्मी वाढायला आली. त्याच्या पानावर मधला तुकडा धरला, नेहमी कमलाक्षी वाढायची तो.

शंभूने पानावर हात आडवा धरला.

"मला फक्त सोलकढी आणि भात," तो म्हणाला. "पोट बरं नाही."